हस्तलिखितांसाठी घरच्या रात्री जाळू नयेत

माननीय संपादक,
स. न.

लिटररी एजंट लेखकासाठी प्रकाशक शोधतो, करार तपासतो, अनुवादाचे आणि इतर हक्क विकतो. मराठीत लेखक बहुतेक थेट प्रकाशकाकडेच जातो, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडे कुणी घरी बसून हे काम करू लागले की घरच्यांनाही ते नीट उमगत नाही. ‘घरीच तर असते, पुस्तकंच तर वाचते’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात हे काम जेवणाच्या ताटापर्यंत येऊन बसते. ते का येते, हे आधी पाहायला हवे.

मूळ कारण पैशाचे आहे. प्रामाणिक एजंट वाचनाचे पैसे घेत नाही, झालेल्या करारातला वाटा घेतो. इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात हा वाटा साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के असतो. हाच हिशोब मराठीला लावून पाहा. २५० रुपयांच्या पुस्तकाच्या १,००० प्रती खपल्या आणि रॉयल्टी १० टक्के ठरली, तर लेखकाचे २५,००० रुपये होतात. त्यावर १५ टक्के म्हणजे एजंटच्या हाती ३,७५० रुपये. उलट ८०,००० शब्दांची एक कादंबरी मिनिटाला २०० शब्दांनी वाचली तरी पावणेसात तास जातात. अशा दहा आल्या की ६५ तासांच्या वर. दिवस फोनात आणि करारात जातो, आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते वाचन रात्रीवर ढकलले जाते. मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांशी दोन शब्द, स्वतःची झोप, सगळे त्यातच जाते.

म्हणून सगळे वाचायचे नाही. पहिली ३० पाने वाचायची. पानाला ३०० शब्द धरले तर ९,००० शब्द, म्हणजे पाऊण तास. रोज दोन हस्तलिखिते, दीड तास, आणि तोही दिवसाचा. तिसावे पान उलटले की निर्णय लिहून टाकायचा: पुढे वाचणार की परत. घात होतो तो तिसऱ्या गठ्ठ्याने, ‘बघू’च्या. त्यात पाचच हस्तलिखिते ठेवावीत, सहावे यायचे तर एक बाहेर काढावे. नकार सहा आठवड्यांच्या आत कळवावा, चार ओळींत, पण स्पष्ट. उत्तर न मिळालेला लेखक फोन करतो, आणि तो नेमका रात्रीच्या जेवणाच्या वेळी करतो. त्याचा दोष नाही, दिवसभर तोही नोकरीत किंवा शेतात असतो.

फाइलींचा त्रास बाहेरच्याला दिसत नाही. जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखीच उमटणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो, ‘ऱ्या’चे तुकडे होतात. असे एक प्रकरण हाताने दुरुस्त करण्यात अख्खी संध्याकाळ जाते, आणि लेखन कसे आहे ते कळतच नाही. युनिकोड नसलेली फाइल दुरुस्त करत बसू नये, त्याच दिवशी परत पाठवावी. मोबाइलवर काढलेले पानांचे फोटोही घेऊ नयेत.

करार मात्र सकाळी, ताज्या डोक्यानेच वाचावा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो सुटतो, पण करारात वेगळे लिहिले नसेल तरच. रात्री अकराला पेंगत वाचणाऱ्याच्या नजरेतून हे ‘वेगळे लिहिलेले’ हमखास सुटते. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत अनुवाद, ऑडिओ, ई-पुस्तक, चित्रपट असे सगळेच निघून जाते. मग तेच निस्तरताना पुढचे कित्येक रविवार घरापासून तुटतात.

परदेशी फोनांचे गणित सोपे आहे. हिवाळ्यात लंडनचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. मुले शाळेतून यायच्या आत हे उरकते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ मात्र हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, ऐन भाकरी थापायची वेळ. त्यासाठी आठवड्याचा एकच वार ठरवावा आणि त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, हेही त्याच दिवशी ठरवावे.

वर्षाची आखणी करताना आधी आपले सण मांडावेत. फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा ऑक्टोबरात भरतो. तिथे विकायच्या हक्कांची यादी दीड महिना आधी जायची तर ती ऑगस्टच्या शेवटी तयार हवी. तेव्हा पोळा, गणपती असतात. त्याआधी आपल्याकडचा कानबाई या देवीचा सण येतो, नागपंचमीनंतरच्या रविवारी. सगळे भाऊबंद गोळा होतात, त्या घरात यादीचे काम होत नाही. यादी आषाढातच संपवावी. लंडनचा मेळा मार्चच्या सुमारास, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांत. घरात परीक्षेला बसलेले मूल असेल तर त्या वर्षी लंडनच्या भेटी निम्म्या कराव्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात, आणि दुपारी बारानंतर वरच्या खोलीत बसवत नाही. आखाजीपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत नवी हस्तलिखिते घेणे बंद ठेवावे आणि तसे आधीच जाहीर करावे. त्या दिवसांत सकाळी सहा ते दहा एवढेच काम पुरे.

खानदेशातल्या लिहित्या मंडळींनाही एक विनंती. पहिली ३० पाने युनिकोडमध्ये आणि एका पानाचा सारांश पाठवावा. लेखनात अहिराणी असेल तर ती काढू नये, तीस-चाळीस शब्दांचे अर्थ वेगळ्या पानावर जोडावेत. पुण्या-मुंबईचा वाचक तिथेच अडतो आणि त्याच्या शंकांचे फोन एजंटच्या घरी येतात. रात्री आठनंतर फोन करू नये, मेसेज टाकून ठेवावा.

– ग्रंथहक्कांचे काम करणाऱ्या दोघी, जळगाव