पिवळ्या पट्टीवरून हिरव्या पट्टीवर

द्राक्षांच्या हंगामात मी पहाटे साडेपाचला सातपूरहून पॅकिंगच्या गाडीत बसायचे. अडीच वर्षांची पोर झोपेतच शेजारच्या आजींच्या मांडीवर जायची. आजी, नाव टाकलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून टाकत नाही. पण तीन महिन्यांत तुम्ही एक रुपयाही घेतला नाहीत.

अंगणवाडीताईंनी पोरीच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर खूण पिवळ्यावर, १२ सेंटीमीटर, म्हणजे पोषण कमी पडतंय. हिरवा, म्हणजे ठीक, साडेबारापासून. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ताईंनी एवढंच विचारलं, "तिच्यासाठी अंगणवाडीतून घरी नेलेला आहार कोण कोण खातं गं?" खरं सांगते, सगळेच खायचो. मग त्यांनी वाटी दाखवली, वरून चमचाभर तेल, आणि "ही फक्त तिची." अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची, माझ्या जन्माआधीची, मी मात्र तिथे नुसती खिचडी मिळते असंच समजत होते.

मदतनीस मावशी, तुम्ही भेंडी-टोमॅटो मांडून तिला रंग शिकवलेत. पावसात कडेवर घेऊन घरी सोडणारे रिक्षावाले दादा, तुमचे तर पैसेही राहिलेत.

परवा पट्टी हिरव्यावर आली. आता हात न धुता जेवायला बसलं, की पोरगी बापालाच दटावते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.