नव्याने स्कॅन करण्याआधी

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत नवा संगणक बसवायचा आणि आपले चित्रपट आणि गाणी लावणाऱ्या जेलीफिन या प्रोग्रॅमची लायब्ररी पहिल्यापासून स्कॅन करून टाकायची, असं तू फोनवर म्हणालास, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

मागची वेळ आठव. स्कॅन संपलं आणि १९५३ च्या 'श्यामची आई'वर २०२३ च्या चित्रपटाचं पोस्टर येऊन बसलं. अत्र्यांचं नाव गेलं, वनमालाबाईंचं गेलं. 'शेजारी'ला 'पडोसी'ची माहिती चिकटली. प्रभातने १९४१ साली एकच गोष्ट दोन भाषांत काढली, तेव्हा यंत्राची गल्लत होणारच. पण हे सगळं मी तीन महिने दुपारच्या दुपारी बसून नीट केलं होतं रे. दुरुस्त्या फक्त जेलीफिनच्या डेटाबेसमध्ये होत्या. तो पुसला आणि माझी मेहनत पुसली गेली.

यंदा तसं नाही. सेटिंगमध्ये मेटाडेटा सेव्हरखाली (मेटाडेटा म्हणजे चित्रपटाची माहिती) एनएफओ चालू केलं आणि एकेक चित्रपट उघडून पुन्हा सेव्ह केला. आता प्रत्येक फोल्डरमध्ये चित्रपटाशेजारी छोटी एनएफओ फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडून बघ, साधा मजकूर आहे: नाव, साल, दिग्दर्शक, आणि एका ओळीत 'लॉकडेटा ट्रू'. मी कुलूप लावल्याची ती नोंद. ती असली की इंटरनेटवरची माहिती माझ्या लिहिण्यावर चढत नाही. पोस्टरंही त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत. तेव्हा डिस्कवर नेताना नुसत्या व्हिडिओ फाइल उचलू नकोस, अख्खे फोल्डर ने. आणि 'सगळा मेटाडेटा बदला' हा पर्याय निवडू नकोस. आधी एकट्या 'श्यामची आई'चा फोल्डर लावून बघ, अत्रे दिसले की मग बाकीचे.

आबांच्या कॅसेटचं वेगळं आहे. भजनी मंडळाच्या २३ कॅसेट मी एमपी३ केल्या. जेलीफिनच्या पडद्यावर गाण्याचं नाव बदललं तर ते गाण्याच्या फाइलमध्ये उतरत नाही, म्हणून टॅग एडिटरने फाइलच्या आतच लिहिलं. कव्हरवर आबांनी निळ्या शाईत टिपून ठेवलंय: "अ बाजू. काकडा. पेटीवर बापू. पखवाजाची शाई उडाली, म्हणून नुसते टाळ." (शाई म्हणजे पखवाजावरचा काळा लेप.) हे शेरे मी शब्दही न बदलता कॉमेंटच्या रकान्यात घातलेत. जगातल्या कुठल्याच माहितीकोशात हे सापडायचं नाही. पखवाज का वाजत नाही हे ऐकणाऱ्याला कळायचं तर तेवढा एकच आधार आहे. मंडळातलं आता कोणी उरलं नाही विचारायला.

कोणी काय पाहिलं, कुठवर पाहिलं, त्या खुणा गेल्या तरी चालतील. त्यात वेळ घालवू नकोस.

येताना एक रिकामी डिस्क आण, काही हलवण्याआधी सगळ्याची एक प्रत काढू. अकराव्या कॅसेटच्या ब बाजूवर आबांनी पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेत, ते मला भिंगातूनही लागत नाहीत. तो रकाना मी मोकळा ठेवलाय. तुझे डोळे चांगले आहेत, आल्यावर वाचून बघ.

तुझी,
आई