डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू कोरी ठेवू नका : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
सा.न.वि.वि.

केईएम, सायन, नायर, कूपरमध्ये मोडलेल्या पायात रॉड टाकण्याचं काम रोज होतं. रॉड हाड धरून ठेवतो. ते जुळतं मात्र घरी, आणि मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाला त्यासाठी तीन ते सहा महिने लागतात. त्या काळासाठी रुग्णाच्या हातात काय असतं? गोळ्यांची यादी, ‘फुल डाएट’ आणि ‘एनडब्ल्यूबी’.

एनडब्ल्यूबी म्हणजे त्या पायावर भार देऊ नका. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याचा अर्थ होतो ‘हलूच नका’. मग मांडी बारीक होते, गुडघा आखडतो, पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. प्लास्टर नसेल तर जागेपणी दर तासाला पाऊल दहा वेळा वर-खाली करायचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरायची; असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरी अचानक सुजली किंवा दम लागला, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठायची.

खाण्याचा घोळ याहून मोठा. पेज, मऊ भात आणि वरणाचं पाणी म्हणजे पथ्य, असं घरोघरी मानतात. साठ किलोच्या माणसाला या काळात रोज साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. वरणाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतातच. दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १३, पेलाभर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या २५, बाकीचं पोळी-भाकरीतून. हे कामगाराच्या घरालाही झेपतं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.) ‘आंबट खाल्लं की टाके पिकतात’ म्हणून लिंबू-आवळा बंद होतो, आणि जखम भरायला लागणारं क जीवनसत्त्वच ताटातून जातं. टाके पिकतात ते जंतूंनी. साखर सतत १८० च्या वर राहिली, तर त्या जंतूंचं आणखी फावतं.

बिडी-सिगारेटचं तर कार्डावर नावही नसतं. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो, आणि हाड न जुळण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘बिडी किती? तंबाखू किती? मिश्री लावता का?’ असं विचारलं की आकडा मिळतो. तंबाखू-मिश्रीने भूक मरते, मग वरचा प्रथिनांचा हिशोबही कोलमडतो. दारू घेऊन वॉकरवर चालणारा पडतो, आणि रॉडसकट हाड पुन्हा मोडू शकतं.

म्हणून मागणी अशी. कार्डाच्या मागे हे सगळं मराठी, हिंदी आणि उर्दूत छापा, तंबाखू सोडण्याच्या मोफत हेल्पलाइनसह (१८००-११-२३५६). घरी सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टने व्यायाम रुग्णाकडून करून घ्यावा, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती तेव्हा समोर असावी. बाराव्या-चौदाव्या दिवशी टाके काढायला आल्यावर त्याच कार्डावर बिड्या किती, अंडी किती, गुडघा किती वाकतो, हे लिहून घ्यावं. हाड जुळत नाही हे एक्स-रेत कळायला काही महिने जातात. गुडघा आखडतोय हे चौदाव्या दिवशीच दिसतं, आणि तेव्हा तो व्यायामाने सुटू शकतो.

आपले,
मुंबईतील फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका