लोपेन-ला, त्या झिजलेल्या बकेटबद्दल

प्रिय लोपेन-ला,

भूतानच्या झोंगखा भाषेत शिक्षकाला लोपेन म्हणतात आणि 'ला' आपल्या 'जी'सारखा मागे लागतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही हुद्द्यानं लॅब असिस्टंट, पण पोरांचे लोपेन तुम्हीच. पत्र मराठीत आहे. रविवारी फोनवर हिंदीत सांगेन.

मी फुंटशोलिंगच्या वर, रिंचेंडिंगच्या कॉलेजात रुजू झालो तेव्हा तिथं इंजिनिअरिंगच्या पदवीचे वर्ग नवेच होते, २००१ मध्ये सुरू झालेले. त्याआधी भूतानी मुलांना घरी डिप्लोमा करता येई. इंजिनिअरिंगच्या डिग्रीसाठी देश सोडावा लागे. तुम्ही १९७४ साली निघालेल्या देवथांगच्या पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, पुढं वांगछू नदीवरच्या चुखाच्या ३३६ मेगावॉटच्या वीजघरात देखभालीला. आणि मी? इकडच्या नोट्सची झेरॉक्स घेऊन आलेला. फळ्यावर पेल्टन व्हील, म्हणजे पाण्याच्या झोतानं फिरणारं टर्बाइनचं चाक, काढलं, सूत्र मांडलं, गणित सोडवलं. घो-किरा या भूतानी पोशाखातली पोरं मुकाट उतरवून घेत होती.

तास संपला, वर्ग रिकामा झाला. मग तुम्ही बाकाखालून गोणपाटात गुंडाळलेली टर्बाइनची बकेट, त्या चाकावरची झोत झेलणारी वाटी, काढून माझ्या हातात दिलीत. आतून खवल्याखवल्यांनी खरवडलेली, मधली धार बोथट, कड मात्र बोट कापेल इतकी पातळ. "वांगछूची वाळू, सर. पावसाळ्यात येते." एवढंच बोललात.

मी चिपळूणचा, कोयनेच्या विजेवर वाढलेला. आमच्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गाळ तळाशी बसतो आणि पावसाचं पाणी वर्षभर पुरवून वापरता येतं. माझ्या गणितातलं स्वच्छ, बारमाही पाणी तिथूनच आलं होतं, हे त्या रात्री लक्षात आलं. चुखाला वाहत्या नदीवरच भिस्त.

दुसऱ्या दिवशी बकेट बाकांवरून फिरली. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, पावसाळ्यात वाळू, हिवाळ्यात नदी आटते. मग दुरुस्ती हिवाळ्यातच करायची ना?" माझ्या तासाला आलेला तो पहिला प्रश्न. हिवाळ्यात भूतान भारताकडून वीज घेतो, तिथपर्यंत गाडी गेली आणि तास कधी संपला कळलं नाही. त्या सत्राच्या पेपरात मी कोयनेचे आकडे काढून वांगछूचे घातले. ते आकडेही तुमच्याच वहीतले.

बकेट अजून बाकाखालीच आहे ना? नवे सर आले की त्यांनाही दाखवा. आणि मला दाखवलीत तशीच, वर्ग रिकामा झाल्यावर. त्याचे आभार तेव्हा मानायचे राहून गेले.

तुमचा,
चिपळूणचा सर