चौथ्या फळीचाही फोटो छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आइस हॉकीची मोठी स्पर्धा आली की क्रीडापानावर ठरलेले दोन-तीन चेहरे झळकतात आणि त्यांच्या जोरावर पदकांचं वाटपही होऊन जातं. या खेळात तो हिशेब जमत नाही.

क्रिकेटमुळे ‘बेंच स्ट्रेंथ’ हा शब्द आपल्याला पाठ आहे. पण तिथला बारावा खेळाडू पाणी घेऊन जातो. इथे बाकावरचा खेळाडू दर दोन-तीन मिनिटांनी बर्फावर उतरतो. जीव तोडून पाऊण मिनिट पळायचं, धापा टाकत बसायचं, की पुढची फळी (एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंचा गट; संघात अशा चार) आत. कॅनडाचा तारा क्रॉस्बी असला तरी सामन्याच्या साठ मिनिटांतली वीसेकच त्याची. उरलेली चाळीस कोणाची, हा खरा प्रश्न.

२०१४ चं सोची ऑलिंपिक घ्या. पाय मोडलेला हुकमी आघाडीपटू स्टॅमकोस कॅनडाकडून जाऊच शकला नाही, उपांत्यपूर्व सामन्यात दुसरा आघाडीपटू टवारेसचा गुडघा गेला. तरी सहा सामन्यांत त्यांच्यावर गोल झाले फक्त तीन. कॅनडाकडून सर्वाधिक गोल कोणाचे? ड्रू डाउटीचे, आणि तो बचावपटू! क्रॉस्बीचा स्पर्धेतला एकमेव गोल अंतिम सामन्यात झाला. समोरच्या स्वीडनचा हेन्रिक सेडीन आलाच नव्हता, कर्णधार झेटरबर्ग पहिल्या सामन्यानंतर पाठ धरून परतला आणि अंतिम लढतीला दोनेक तास असताना ॲलर्जीच्या गोळीतल्या प्रतिबंधित घटकापायी बॅकस्ट्रॉमला बाहेर बसवलं गेलं. तिघे हुकमी खेळाडू नसताना अंतिम फेरी गाठली, हेही काही कमी नाही. पण तिथे मात्र ०-३.

आता कोणी म्हणेल, मग गोलरक्षकाचं काय? बरोबर आहे. त्याच स्पर्धेत लाटव्हियाच्या गुडलेव्हस्किसने कॅनडाचे ५५ फटके अडवले आणि कॅनडा कसाबसा २-१ असा सुटला. एका रात्रीपुरता एकटा गोलरक्षक चार फळ्यांना पुरून उरू शकतो. रोज रोज नाही.

आणि भरीव संघ म्हणजे नावाजलेल्यांची यादी असंही नव्हे. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत फिनलंडच्या संघात एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतल्या बड्या व्यावसायिक लीगचा) अनुभव असलेले मोजकेच होते. ओव्हेच्किन, माल्किन, कुचेरोव्ह असे एनएचएलचे तारे असलेल्या रशियाला त्यांनी उपांत्य सामन्यात १-० हरवलं आणि मग कॅनडाला ३-१. रशियाविरुद्धचा गोल आणि अंतिम सामन्यातले दोन गोल कर्णधार मार्को अँटिलाचे. हा गडी एनएचएलमध्ये एकही सामना खेळलेला नाही. स्पर्धेआधी त्याचा फोटो आपल्याकडे कोणी छापला होता का?

तेव्हा पुढच्या वेळी मोठ्या फोटोची जागा थोडी कमी करून पंचवीसच्या पंचवीस नावं छापावीत, फळीनिहाय असतील तर फारच उत्तम. अक्षर बारीक असलं तरी चालेल, चष्मा आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे