चि. सईस पत्र: दृष्टिपटलावरच्या चिपविषयी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

दृष्टिपटलावर बसवायच्या चिपमधील स्पंद देणारे सर्किट आता तुझ्याकडे सोपवले आहे, हे वाचून फार आनंद झाला. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात जो विषय शिकवला, तो माझी लेक अंधांच्या डोळ्यांपर्यंत नेते आहे, याचे समाधान शब्दांत मावणारे नाही. मात्र तुझ्या पत्राचा सगळा भर इलेक्ट्रोडची, म्हणजे पेशींना वीज देणाऱ्या सूक्ष्म टोकांची, संख्या वाढवण्यावर होता, म्हणून थोडे लिहिते.

रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण पुढच्या चेतापेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात, आणि त्यांना विजेचे हलके स्पंद दिले की माणसाला प्रकाशाचे ठिपके दिसतात. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेल्या आर्गस-२ या डोळ्यात बसवायच्या यंत्रामध्ये असे ६० इलेक्ट्रोड होते. चष्म्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्र आणि लागणारी वीज, दोन्ही कॉइलमधून बिनतारी डोळ्यापर्यंत जात.

प्रत्येक स्पंदात आधी ऋण आणि लगेच धन प्रवाह सोडतात, आणि दोन्हींचा विद्युतभार जुळावा लागतो. कागदावर हे सोपे दिसते. पण सिलिकॉनवरचे दोन ट्रान्झिस्टर कधीच हुबेहूब सारखे निघत नाहीत, त्यामुळे दोन प्रवाहांत किंचित फरक उरतोच. दर सेकंदाला कित्येक स्पंद आणि असे दिवसाचे कित्येक तास, या हिशेबाने तो उरलेला भार साचत गेला, तर इलेक्ट्रोडपाशी पाण्याचे विघटन होते, आम्लता बदलते, धातू झिजतो आणि ज्या पेशींच्या भरवशावर हा सारा खटाटोप, त्यांनाच इजा होते. म्हणून स्पंद संपताच इलेक्ट्रोड क्षणभर ग्राउंडला जोडून उरलेला भार काढून टाकावा, आणि शक्य असेल तिथे एकसरीत, म्हणजे प्रवाहाच्या वाटेतच, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) घालावा. कारण एखादा स्विच बिघडून कायमचा चालू राहिला, तरी एकदिश प्रवाह ऊतीपर्यंत जाऊ न देणारा तोच. तो जागा फार अडवतो, हे मला मान्य आहे. तरीही केवळ इलेक्ट्रोड वाढवण्यासाठी त्याला फाटा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

डॅनियल पॅलँकर यांच्या संकल्पनेतून आलेली प्रिमा ही चिप तू बारकाईने अभ्यासावीस. जेमतेम २ मिलिमीटर रुंदीच्या या चिपमध्ये ३७८ पिक्सेल आहेत, तार एकही नाही. चष्म्यातून येणाऱ्या अवरक्त प्रकाशावरच ती चालते, आणि दोन स्पंदांच्या मधल्या वेळात प्रत्येक पिक्सेलमधला रोधक भार रिकामा करतो. उतारवयात मध्यवर्ती दृष्टी गेलेल्या रुग्णांवरील तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली होती.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आर्गस-२ चे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, आणि ज्या साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते यंत्र बसवून घेतले होते, त्यांना पुढे दुरुस्ती आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. कंपनी चालवणे तुझ्या हाती नाही, परंतु प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध आणि गळती चिपने स्वतः बाहेर कळवावी, आणि ते संदेश कसे वाचायचे हे परक्या अभियंत्यालाही उमगेल अशा रीतीने लिहून ठेवावे, एवढे तू नक्कीच करू शकतेस.

तशी सोय तुमच्या आराखड्यात आहे का, आणि चिपच्या वेष्टनाची, शरीरातल्या द्रवासारख्या मिठाच्या द्रावणातील टिकाऊपणाची चाचणी किती तापमानाला व किती महिने चालवता, ते सविस्तर कळव.

तुझी,
आई