सहलीची यादी झकास, पण बायकांनी जायचं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पावसाळी सहलीची पानभर यादी दिलीत, फोटोपण झकास होते, आमच्या घरी तर ते पान फ्रिजला चिकटवलंय. फक्त प्रत्येक ठिकाणाखाली "शहरातून गाडीने इतका वेळ" असं लिहिलंय. गाडी म्हणजे कार. आमच्या गल्लीत कार आहेत त्या पोरांच्या, आणि पोरं पुण्याला. आम्ही फिरतो ते लाल बसनं, म्हणून बसनं फिरणाऱ्यांच्या वतीनं हे पत्र.

आम्ही म्हणजे मी, माझी जाऊ, नणंद आणि शेजारच्या 67 वर्षांच्या काकू. कधी कधी काकूंची सून आणि तिचं चार वर्षांचं पोर. 11 जून 2023 ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आमचं हे फिरणं सुरू झालं. त्याआधी काकूंनी बेळगावात अख्खा जन्म काढून गोकाकचा धबधबा पाहिलेला नव्हता. खोटं वाटेल, पण आमच्या गल्लीत अशा खूप जणी निघतील. लग्न होऊन आल्या, लेकरं झाली, जत्रेला यल्लम्माला गेल्या, झालं. आता कंडक्टर "आधार तोरस्री अक्का" म्हणाला की काकू पर्समधून आधार कार्ड अशा काढतात जणू बँकेची मॅनेजरच. फुकट तिकिटाला नावं ठेवणारे भरपूर आहेत, आमच्या घरातपण आहेत एक. त्यांना ठेवू देत.

तर पहिल्यांदा गेलो गोकाकला. घटप्रभा 52 मीटरवरून खाली पडते, पावसाळ्यात पाणी पार तांबडं लाल, चहा उकळल्यासारखं, आणि आवाज एवढा की जाऊ काय बोलते ते मला कळंना (हे एका अर्थी बरंच झालं). समोर मिल, वर झुलता पूल. याच पाण्यावर 1887 साली वीज केली होती म्हणे, हे मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आणि आमच्यात अजून रोज दुपारी लाईट जातंय की गं." दुसऱ्यांदा गोडचिनमलकीला गेलो, तिथं मार्कंडेय नदी दोन टप्प्यात पडते, गोकाकपेक्षा गर्दी कमी आणि मला तर तेच जास्त आवडलं. राजहंसगडाला येळ्ळूरपर्यंत बस आणि पुढं पायी, काकूंना चढताना तीन वेळा बसवलं, पण वर शिवरायांचा मोठा पुतळा 2023 ला बसलाय तिथं जाऊन उभं राहिलं आणि वारा लागला की थकवा कुठल्या कुठं. असोग्याला मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराच्या देवळापाशी दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली. शहरात तर काय, संध्याकाळी मिलिटरी महादेवच्या बागेत, नाहीतर टिळकवाडीत काँग्रेस विहिरीजवळ, 1924 ला गांधीजी ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते तिथंच भरलं होतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाखाली सकाळी चालायला जी मजा येते ती पैसे देऊन मिळायची नाही. किल्ल्यात कमल बस्ती आहे, 1204 सालची, आत गेलं की उन्हाळ्यातपण गार. इतकं सगळं आहे आमच्या आजूबाजूला, आणि आपण सुट्टी पडली की गोवा गोवा करतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या यादीत एकाही ठिकाणासमोर लिहिलेलं नाही की तिथं बायकांसाठी संडास आहे का, उघडा असतो का, आत पाणी असतं का. पुरुषांना हा प्रश्न पडत नाही, त्यांना प्रत्येक झाड मोकळंच असतं. आमचं कसं असतं सांगते. रविवारी जायचं असलं की शनिवारी रात्री आठनंतर पाणी बंद. सकाळी अर्धा कप चहा, तोपण नणंद सोडून देते. काकूंना शुगर आहे, त्यांना तहानपण जास्त आणि जायलापण जास्त लागतं, त्या बिचाऱ्या बसमध्ये नुसत्या ओठ ओले करतात. धबधबा बघायला निघालेल्या बायका तहानलेल्या, आता याला काय म्हणायचं. परत आल्यावर दोन दिवस जळजळ, डॉक्टर विचारतात पाणी का पीत नाही हो तुम्ही.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी गेलो, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे तिथं तेच बाकी दहा ठिकाणी. छान नवं बांधलेलं शौचालय, टाईल्स बसवलेल्या, बाहेर उद्घाटनाची संगमरवरी पाटी, कोणाच्या हस्ते आणि कोणाच्या उपस्थितीत ते सगळं सविस्तर, आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडं विचारलं तर एक म्हणाला अमक्याकडं आहे, तो जेवायला गेलाय. कधी येईल? येईल की. एक तास झाला, जेवण संपेना. लहान पोराचं कसंतरी भागलं, काकूंचा चेहरा उतरला, त्या एका दगडावर गप्प बसल्या, बोलेनातच. शेवटी कणसं भाजणाऱ्या एका बाईनं ओळखलं. काही न विचारता ती उठली, शेगडी पोराच्या ताब्यात दिली आणि आम्हाला पाऊणेक किलोमीटर चालवत तिच्या घरी घेऊन गेली. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, मागं चार पत्र्यांचाच आडोसा, पण बादलीत पाणी भरलेलं होतं. आम्ही पैसे देऊ केले तर तिनं हात मागं घेतला, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, सुनेनं सांगितलं की "माझी आई असती तर पैसे घेतले असते काय" असं म्हणतेय. मग आम्ही गुपचूप येऊन सहा जणांत दहा कणसं खाल्ली. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायलं.

त्या पाटीवर कन्नड होतं की मराठी होतं यावर आपल्याकडं मोर्चे निघतात, पेपरात रकाने भरतात. मी म्हणते पाटी कुठल्याही भाषेत लिहा, मोडी लिपीत लिहा, दाराला कडी तेवढी आतून लागू दे.

दुसरी गोष्ट परतीची बस. यादीत जायचं कसं ते असतं, यायचं कसं ते नसतं. शेवटची बस चारला की साडेपाचला हे तिथल्या टपरीवाल्याला विचारावं लागतं आणि तीन टपऱ्यांवर तीन वेळा सांगतात. एकदा अशीच बस चुकली, मग टमटमनं अर्ध्या वाटेपर्यंत, तिथून दुसरी बस, घरी पोचायला साडेनऊ. त्या फुकटच्या प्रवासाला त्या दिवशी तीनशे रुपये गेले आणि घरचं बोलणं वेगळं.

आणि एक, रागावू नका, पण यादीत भीमगड अभयारण्यातल्या धबधब्यांचे फोटो द्यायचे आणि पावसाळ्यात तिथं वनखातं बंदी घालतं हे लिहायचं नाही, हे बरोबर नाही. पोरं फोटो बघून जातात. नोव्हेंबर 2022 मध्ये किटवाडच्या धबधब्यावर आपल्या बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅम्पातल्या गोल्फ मैदानावर बिबट्या आला होता आणि आजूबाजूच्या 22 शाळा कितीतरी दिवस बंद होत्या. आमचे हे म्हणायचे, शहरात मोकळी हवा कुठं आहे ते बिबट्यालाच बरोबर कळलं.)

समुद्राचंपण सांगते. आपल्याकडं हिंडलग्यावरून जातो त्या रस्त्याचं नावच बेळगाव-वेंगुर्ला रोड, म्हणजे रोज आपण समुद्राचं नाव घेतो आणि तो आहे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आंबोली उतरून सावंतवाडीवरून पुढं. काकूंना समुद्र बघायचा होता. गेलो, तिकीट काढून. पाण्यात पाय घालून त्या एवढ्या हसल्या की आम्हालाच रडू आलं. पण तिथंपण पहिला प्रश्न तोच, कपडे कुठं बदलायचे. शेवटी दोघींनी साडी धरली आणि तिघी आळीपाळीनं आत, आणि ओल्या परकरावर वाळू घेऊन पाच तास बस.

माझं मागणं मोठं नाही. नवीन काही बांधायला सांगत नाही, बांधलेलं उघडा. किल्ली जेवायला जाणाऱ्या माणसाकडं न ठेवता तिथं दिवसभर बसणाऱ्या कुणातरी बाईकडं द्या, महिन्याला चार पैसे द्या, ती झाडून पुसून ठेवेल. ती कणीसवाली काय वाईट आहे? शनिवार-रविवार पावसाळ्यात एक जादा बस संध्याकाळी सहाला सोडा. आणि तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी प्रत्येक फोटोखाली दोन ओळी टाका, शेवटची बस किती वाजता आणि संडास उघडा की बंद. तुमचे वार्ताहर तालुक्यातालुक्यात आहेत, एकेकानं जाऊन दार ढकलून बघायचं, एवढंच काम. शक्यतो बाईला पाठवा.

श्रावणात आम्ही कणकुंबीला जाणार आहोत, मलप्रभेचा उगम आणि माऊलीचं देऊळ बघायला. चोर्ल्याच्या बाजूनं येणारी परतीची बस संध्याकाळी कितीला असते आणि तिथं बायकांची सोय कशी आहे हे वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर तुमच्याच पेपरात कळवावं. शनिवारच्या आत कळवलं तर बरं, म्हणजे रात्री पाणी प्यायचं की नाही ते ठरवता येईल.

कळावे,
आपली एक वाचक,
शहापूर, बेळगाव